नवे घर घेताना मध्यस्थ कोणाचा?

प्रतिनिधी

नव्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात पाऊल टाकले की ग्राहकापुढे एक छापील अर्ज येतो. नाव, मोबाइल क्रमांक, किती खोल्यांचे घर हवे, किती रकमेपर्यंत हवे, एवढे भरून झाले की एक रकाना उरतो : 'कोणामार्फत आलात?' बहुतेक ग्राहक तो घाईने भरतात किंवा मोकळा सोडतात. खरे तर त्या अर्जातील सर्वांत महागडा रकाना तोच. तेथे ज्याचे नाव पडते त्याला विकसकाकडून दलाली मिळते आणि ग्राहकाच्या बाजूने बोलणारे कोणी आहे की नाही, हेही बहुधा तेथेच ठरून जाते.

पुण्याची वस्ती पूर्वेकडे सरकू लागल्यापासून हा प्रश्न शहरापुरता राहिलेला नाही. पुणे-अहिल्यानगर मार्गावर वाघोली, शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत, तर पुणे-सोलापूर मार्गावर उरुळी कांचन, यवत, केडगावपर्यंत नव्या बांधकामांची रांग लागली आहे. या दोन मार्गांच्या मध्ये, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या कुशीत दौंड तालुक्यातील राहू आणि त्याभोवतीचा राहू बेटाचा पट्टा येतो. ऊस आणि गुऱ्हाळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात खरेदीदारांची ये-जा दोन्ही दिशांनी असते. मुलांच्या शिक्षणासाठी वाघोलीत किंवा हडपसरला सदनिका घेणारे येथील शेतकरी कुटुंब एका दिशेला, तर शहरातील गर्दीला कंटाळून नदीकाठच्या गावात रो-हाऊस किंवा प्लॉट शोधणारा पुणेकर दुसऱ्या दिशेला. अनोळखी मुलुखात दोघांनाही मध्यस्थ लागतो. मात्र तो कोणाचा मध्यस्थ आहे, हे विचारण्याची सवय दोघांनाही नसते.

चॅनल पार्टनर म्हणजे कोणाचा भागीदार?

जुन्या घराच्या व्यवहारात दलालाची भूमिका सर्वांना ठाऊक असते. तो विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समोरासमोर बसवतो आणि पुणे परिसरात सहसा दोन्हीकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के दलाली घेतो. नव्या प्रकल्पात चित्र वेगळे असते. येथे मध्यस्थ ग्राहकाकडे बहुधा पैसे मागतच नाही. 'आमची सेवा तुम्हाला मोफत आहे', असे तो आवर्जून सांगतो. त्याची दलाली विकसक देतो आणि ती प्रकल्पागणिक, हंगामागणिक बदलते. विक्री मंदावली की दलालीची टक्केवारी वाढते. ठरावीक संख्येने सदनिका विकून दिल्यास वेगळे बक्षीसही मिळते. अशा मध्यस्थाला बांधकाम व्यवसायात 'चॅनल पार्टनर' म्हणतात. तो पार्टनर विकसकाचा असतो, ग्राहकाचा नव्हे, हे त्या नावातच आलेले आहे.

यात बेकायदा असे काही नाही. माल विकून देणाऱ्याला मालाच्या मालकाने मोबदला द्यावा, ही व्यापाराची जुनी रीत आहे. अडचण वेगळी आहे. तीन प्रकल्प पाहिले आणि त्यांतील एकाची दलाली दुप्पट असेल, तर मध्यस्थ कोणत्या प्रकल्पाची स्तुती अधिक करील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ज्या विकसकाकडून दलाली मिळत नाही, त्याचा प्रकल्प अशा मध्यस्थाच्या यादीत नसतोच. ग्राहकाला वाटते, आपण बाजार पाहिला. त्याने पाहिलेली असते ती दलाली देणाऱ्यांची यादी.

एक उदाहरण घेऊ. सदनिकेची किंमत ४० लाख रुपये आणि विकसकाने कबूल केलेली दलाली तीन टक्के धरली, तर मध्यस्थाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. ग्राहकाने घासाघीस करून किंमत एक लाखाने उतरवली, तर मध्यस्थाचे नुकसान अवघे ३ हजार रुपयांचे. परंतु घासाघिशीत व्यवहार मोडला, तर त्याचे सव्वा लाख जातात. म्हणूनच किंमत उतरवण्यापेक्षा 'आजच टोकन द्या, उद्या भाव वाढणार आहेत' हे वाक्य त्याला अधिक जवळचे वाटते. मध्यस्थ वाईट असतो असा याचा अर्थ नाही. तो ज्याचे मीठ खातो त्याचे काम करतो, इतकेच.

अमेरिकेतील धडा

ग्राहकाचा स्वतंत्र मध्यस्थ ही कल्पना अमेरिकेत बरीच रुळली आहे. तेथे घर विकणाऱ्याचा एक आणि घेणाऱ्याचा एक असे दोन मध्यस्थ असतात. नव्या बांधकामांतही विकसकाच्या कार्यालयात बसलेला विक्री प्रतिनिधी विकसकाचा असतो आणि ग्राहक आपला माणूस सोबत नेतो. त्यासाठी पहिल्याच भेटीत आपल्या मध्यस्थाचे नाव नोंदवण्याची प्रथा आहे. एकट्याने जाऊन आल्यानंतर मध्यस्थ आणल्यास विकसक त्याची दलाली नाकारू शकतो.

मात्र तेथेही घेणाऱ्याच्या मध्यस्थाचे पैसे बहुधा विकणाऱ्याच्या खिशातून येत असत. या पद्धतीने दलालीचे दर फुगवले जातात, असा दावा घर विकणाऱ्यांनी न्यायालयात केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील ज्यूरीने 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स' ही संघटना आणि काही मोठ्या दलाली संस्थांविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरचा निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले. आता घर दाखवण्यापूर्वी मध्यस्थाने ग्राहकाशी लेखी करार करणे आणि त्यात आपला मोबदला स्पष्टपणे लिहिणे आवश्यक झाले आहे. कोण कोणासाठी काम करतो आणि त्याचे पैसे कोण देतो, हे आधी कागदावर यावे, हा त्यातील धडा आपल्याकडेही तितकाच लागू पडतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीवर १९६३ च्या 'मोफा' कायद्याचे नियंत्रण होते. त्यात विकसकाची कर्तव्ये होती, मध्यस्थाविषयी काही नव्हते. मध्यस्थ प्रथमच कायद्याच्या चौकटीत आला तो स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात 'रेरा' कायद्याने. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच वर्षी महारेरा प्राधिकरणाचे कामही सुरू झाले.

या कायद्यातील मध्यस्थाची व्याख्या व्यापक आहे. एका व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीशी घर किंवा प्लॉटच्या विक्रीबाबत बोलणी करणारा आणि त्यासाठी मोबदला घेणारा तो मध्यस्थ. दोघांची केवळ ओळख करून देऊन पैसे घेणाराही त्यात येतो. विकणाऱ्याचा मध्यस्थ आणि घेणाऱ्याचा मध्यस्थ असा भेद मात्र कायदा करीत नाही. त्यामुळे 'मी महारेरा नोंदणीकृत आहे' या वाक्याने मध्यस्थ अधिकृत आहे इतके कळते, तो आपला आहे हे कळत नाही.

कलम ९ नुसार नोंदणी नसलेल्या मध्यस्थाला नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देता येत नाही. नियम मोडल्यास कलम ६२ अन्वये दररोज १० हजार रुपये, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम १० नुसार मध्यस्थाने नोंदणी आवश्यक असूनही न केलेल्या प्रकल्पात विक्री करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी आश्वासने देऊ नयेत आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाला त्याच्या हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून द्यावीत. हे शेवटचे कर्तव्य बहुतेक ग्राहकांना ठाऊकच नसते. कागद मागितल्यावर 'ते नंतर ऑफिसमधून मिळतील' असे उत्तर देणारा मध्यस्थ आपले कायदेशीर काम टाळत असतो.

मोबाइल आणि दुचाकी एवढ्या भांडवलावर कोणीही या व्यवसायात उतरत असल्याच्या तक्रारी वाढल्यावर महारेराने जानेवारी २०२३ मध्ये मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नोंदणी अथवा नूतनीकरण होत नाही. मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २० हजार मध्यस्थांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित करण्यात आली. त्यामुळे जुने नोंदणीपत्र दाखवणाऱ्या मध्यस्थाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर आजही चालू आहे का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

संकेतस्थळावर आणखी एक गोष्ट सापडते. प्रकल्पाची नोंदणी करताना विकसकाला आपल्या मध्यस्थांची नावे द्यावी लागतात. 'मी तुमच्या बाजूने आहे' असे म्हणणाऱ्याचे नाव त्या यादीत असेल, तर पुढचे बोलणे त्या हिशेबाने करावे.

राहू परिसराचे वेगळेपण

शहरातील मोठ्या प्रकल्पात ग्राहकाला रेराचे संरक्षण असते. गावाकडे ते नेहमी असतेच असे नाही. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून अधिक नसेल किंवा सदनिकांची संख्या आठहून अधिक नसेल, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. राहू, केडगाव किंवा पारगावसारख्या गावांत उभ्या राहणाऱ्या दोन-तीन मजली इमारती आणि चार-सहा रो-हाऊस अनेकदा या मर्यादेच्या आत बसतात. ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन, तिमाही प्रगती अहवाल, संकेतस्थळावरील कागदपत्रे यांपैकी काहीच तेथे हाती लागत नाही. म्हणजे जेथे ग्राहकाला स्वतःच्या माणसाची गरज सर्वाधिक, तेथेच कायद्याचा दिवा मंद असतो.

अशा ठिकाणी पुढील बाबी तपासूनच विसाराची रक्कम द्यावी.

जमिनीचा प्रकार : जमीन बिगरशेती झाली आहे का, हे पहिले पाहावे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये शेतजमिनीचे किमान क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरवण्यात आले. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट सामाईक खरेदीखताने देऊ करणारा मध्यस्थ प्रत्यक्षात अविभाजित हिस्सा विकत असतो. त्यावर बांधलेल्या घराची हद्द कागदावर कोठेच नसते. शासनाने २०२५ मध्ये काही क्षेत्रांसाठी या कायद्यात सवलती दिल्या. त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे तोंडी नव्हे, लेखी समजून घ्यावे.

झोन दाखला : दौंड आणि शिरूर तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. या प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. त्या आराखड्यातील रंगीत नकाशा दाखवून 'ही जमीन निवासी झोनमध्ये आली आहे' असे कोणी सांगत असेल, तर त्याला आज आधार नाही. सक्षम कार्यालयाचा ताजा झोन दाखला मागावा.

सातबारा आणि वारस : राहू परिसरातील जमिनी बहुतांशी वडिलोपार्जित आहेत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना मुलांइतका हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. सातबाऱ्यावर केवळ भावांची नावे असतील, तर फेरफार मागे जाऊन बहिणींचे हक्कसोडपत्र आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. 'इतर हक्क' या रकान्यातील शेरेही वाचावेत. या तालुक्यांतील काही सातबाऱ्यांवर धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे शेरे आहेत. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीचे हस्तांतरण परवानगीविना होत नाही.

परवानगी : ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा ही करआकारणीची नोंद आहे. ती बांधकामाची परवानगी नव्हे आणि मालकीचा पुरावाही नव्हे. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद वेगळे मागावेत. भोगवटा प्रमाणपत्र नसलेले घर पुढे विकताना आणि त्यावर कर्ज घेताना अडचण येते.

नदी आणि माती : दोन नद्यांमधील प्रदेशात पूररेषेला महत्त्व आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान बंधने असतात. पाटबंधारे विभागाकडील पूररेषेचा नकाशा आणि मंजूर आराखडा शेजारी ठेवून पाहावेत. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून या भागात येत असल्याने पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता, हा प्रश्नही टाळता येणार नाही. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

येथे गावच्या मध्यस्थाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. कोणत्या गटात भाऊबंदकीचा वाद आहे, कोणत्या वर्षी पाणी कोठपर्यंत चढले होते, शिवरस्ता कोणी अडवला आहे, याची माहिती त्याच्याइतकी कोणाकडेच नसते. ती माहिती मोलाची आहे आणि तिचे मोल द्यावेही. परंतु माहितीचा माणूस वेगळा आणि प्रतिनिधी वेगळा. जमीन विकणारा त्याचा सोयरा किंवा बांधाशेजारी असेल, तर त्याने आपल्यासाठी कठोर बोलावे, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

ग्राहकाचा माणूस नेमके काय करतो?

घर शोधून देणे हे त्याचे सर्वांत लहान काम. खरा उपयोग त्यापुढे सुरू होतो.

किंमत ठरवताना : जाहिरातीतील दर आणि अंतिम रक्कम यांत पार्किंग, क्लब हाऊस, 'डेव्हलपमेंट चार्जेस', देखभालीची आगाऊ रक्कम अशी अनेक नावे घुसतात. ग्राहकाच्या प्रतिनिधीने सर्व रकमांची एकच बेरीज लेखी घ्यावी आणि तिला कार्पेट क्षेत्राने भागून खरा दर काढावा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरावर एक टक्का जीएसटी आहे. पुणे परिसरात परवडणारे घर म्हणजे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर लागत नाही. त्यामुळे तयार घरात 'जीएसटी माफ' ही सवलत नसून केवळ नियम आहे.

विकसक दर सहसा उघडपणे कमी करीत नाहीत. आधीच्या ग्राहकांना ते खपत नाही. मात्र मुद्रांक शुल्काचा भार, पार्किंग, स्वयंपाकघरातील फर्निचर किंवा हप्त्यांच्या तारखा यांत ते बरेच सैल होतात. कोठे ओढायचे, हे जाणकाराला कळते.

करारापूर्वी : कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ४० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा ४ लाख होते. टोकनची पावती कोणाच्या नावाने, व्यवहार न झाल्यास परतावा किती दिवसांत, हे त्याच पावतीवर लिहून घ्यावे. महारेराच्या नमुना करारनाम्यात मध्यस्थाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि दलाली कोण देणार याचे कलम आहे. ते कोरे ठेवू देऊ नये.

बांधकामाच्या काळात : नमुना करारनाम्यानुसार करारानंतर एकूण ३० टक्के, जोते पूर्ण होईपर्यंत ४५ टक्के आणि स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के अशी हप्त्यांची कमाल पायरी आहे. शेवटचा भाग ताब्याच्या वेळी द्यायचा असतो. विकसकाची मागणी आणि जागेवरचे काम जुळते का, हे पाहण्यास कोणीतरी प्रत्यक्ष जावे लागते. चॅनल पार्टनरचे काम बहुधा करारनामा होऊन दलाली हाती पडली की संपते. ग्राहकाच्या प्रतिनिधीचे काम तेव्हा अर्ध्यावर आलेले असते.

ताबा घेताना : भिंतींतील ओल, फरशांचा उतार, दारे-खिडक्यांची बैठक, नळांचा दाब, विजेची जोडणी यांची यादी करून विकसकाची सही घ्यावी. कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकसकावर बंधनकारक आहे.

शुल्क आणि करारपत्र

एवढे काम करणाऱ्याला ग्राहकाने स्वतःच्या खिशातून पैसे द्यावेत, हे आपल्याकडे अनेकांना पटत नाही. पण मोफत मिळणारा माणूस दुसऱ्या कोणाचा तरी असतो. शुल्क टक्केवारीत न ठरवता ठोक ठरवणे बरे. एक टक्का शुल्क असलेल्या प्रतिनिधीने ४० लाखांची किंमत दोन लाखांनी उतरवली, तर त्याचेच २ हजार रुपये कमी होतात. चांगल्या कामाला दंड अशी ही व्यवस्था होते. ठोक रक्कम ठरवून ती टप्प्याटप्प्याने, म्हणजे काही कागदपत्रांच्या तपासणीनंतर, काही करारनाम्याला आणि उरलेली ताब्याच्या वेळी दिल्यास दोघांचाही उत्साह टिकतो. मध्यस्थ जीएसटी नोंदणीकृत असल्यास शुल्कावर १८ टक्के कर येतो, हे आधीच विचारात घ्यावे.

करारपत्र एका पानाचे असले तरी चालेल. मात्र त्यात एक वाक्य हवेच : या व्यवहारात विकसकाकडून अथवा अन्य कोणाकडून मला काही मिळाल्यास ते मी ग्राहकाला लेखी कळवीन आणि माझ्या शुल्कातून वजा करीन. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २११ ते २१८ एजंटाची कर्तव्ये सांगतात. काम कौशल्याने करणे, हिशेब देणे, मालकाच्या नकळत स्वतःचा व्यवहार न साधणे आणि मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम त्याच्या हवाली करणे ही त्यांतील मुख्य. दीडशे वर्षांचा जुना हा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. पण आपण त्या माणसाला आपला एजंट नेमले होते, हे दाखवता आले पाहिजे.

असा विश्वासू मध्यस्थ न मिळाल्यास काम वाटून द्यावे. मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध वकिलाने घ्यावा, बांधकाम स्थापत्य अभियंत्याने पाहावे आणि दराची चौकशी ग्राहकाने स्वतः करावी. परिसरातील प्रत्यक्ष व्यवहारांच्या किमती नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये दिसतात. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागदपत्रे निर्दोष आहेत, असे मात्र मानू नये. बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, एवढेच पाहतो.

फसवणूक झाल्यास

रेराच्या कलम ३१ खाली विकसकाप्रमाणेच मध्यस्थाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. त्यासाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. ताबा लांबल्यास कलम १८ नुसार व्याजासह पैसे परत मागण्याचा किंवा घर हवे असल्यास विलंबाचे मासिक व्याज घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'न्यूटेक प्रमोटर्स' खटल्यात म्हटले आहे. मात्र ही जबाबदारी विकसकाची. 'मी आहे ना' असे म्हणणारा मध्यस्थ या परताव्याला बांधील नसतो.

नोंदणीकृत नसलेल्या लहान इमारतीत घर घेतले असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. गृहबांधणी ही सेवा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केले. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. मध्यस्थाला शुल्क दिल्याची पावती असेल, तर त्याच्या सेवेतील त्रुटीबद्दलही दाद मागता येते. पावतीविना रोख दिलेले पैसे तक्रारीच्या वेळी दिलेच नव्हते, असे होऊन बसते.

पहिल्या भेटीपूर्वी विचारायचे सहा प्रश्न

१. आपला महारेरा नोंदणी क्रमांक कोणता आणि तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे?

२. या प्रकल्पात आपल्याला दलाली कोण देणार आणि किती?

३. आपण दाखवत असलेल्या यादीबाहेरचे, दलाली न देणारे प्रकल्पही दाखवाल का?

४. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक कोणता? नोंदणी नसल्यास ती कोणत्या कारणाने आवश्यक नाही, हे लेखी द्याल का?

५. करारनाम्याचा मसुदा टोकन देण्यापूर्वी वकिलाला दाखवण्यासाठी मिळेल का?

६. ताबा मिळेपर्यंत आपण सोबत राहणार आहात का, आणि हे करारपत्रात लिहून द्याल का?

जाहिरातींवर महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे आहे. मोबाइलने तो वाचला की प्रकल्पाची माहिती समोर येते. साइटवर जाण्यापूर्वी घरी बसून ती पाच मिनिटे पाहावी. प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख, त्यावरील खटले आणि बोजा, विकल्या गेलेल्या सदनिकांची संख्या एवढे पाहिले, तरी मध्यस्थाच्या बोलण्यातील किती भाग खरा आहे, याचा अंदाज येतो.

या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारे मध्यस्थ शहरातही आहेत आणि राहूसारख्या गावांतही. विकसकाकडून दलाली घेऊनही ग्राहकाला ते मोकळेपणाने सांगणारा माणूस, मोफत सेवेचा आव आणणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. विक्री कार्यालयातील त्या अर्जावर 'कोणामार्फत' या रकान्यात नाव लिहिण्यापूर्वी ग्राहकाने एवढेच ठरवावे, की हा माणूस मला घर दाखवणार आहे की माझ्यासाठी घर पाहणार आहे.